उद्यमनगरातले पिंप आणि पेरणीचे बी

वाचकहो, कोल्हापूरला आपण येता ते बहुधा अंबाबाईच्या दर्शनाला, नाहीतर मार्केट यार्डात गूळ घेऊन. काम उरकले की तासभर सवड काढा आणि बिंदू चौक ओलांडून शिवाजी उद्यमनगरात चक्कर मारा. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना लेथ आणि वेल्डिंगच्या ठिणग्या. उसाचे चरक, पंप, इंजिनांचे सुटे भाग यांनी या वस्तीला नाव मिळवून दिले. वाय. पी. पोवार आणि म्हादबा मेस्त्री या कारागिरांची नावे येथे आजही आदराने घेतली जातात.

येथल्या फौंड्रीच्या कामात एक फिरते पिंप असते. बिडाचे ओतीव भाग साच्यातून निघतात तेव्हा अंगाला वाळू चिकटलेली असते. ते भाग आणि कडक बिडाचे चांदणीच्या आकाराचे छोटे तुकडे पिंपात भरून मोटारीवर फिरवतात. आपटून, घासून वाळू झडते. शेजारच्या सांगलीकडे याच पिंपाचा जाळीदार भाऊ हळदीला पॉलिश करतो. तेव्हा आपल्या घरच्या बियाण्यासाठी असे पिंप का नसावे, असे कोणालाही वाटेल.

करवीर तालुक्यातल्या एका घरच्या मुलाला तसेच वाटले. सोयाबीनच्या बियाण्याला औषध चोळायचे काम त्याची आई उघड्या हातांनी करी, ते त्याला बघवत नव्हते. त्याने उद्यमनगरातून २०० लिटरचे पिंप आणि अर्ध्या अश्वशक्तीची मोटार आणली. मोटारीचे फेरे मिनिटाला १४४०. तिच्यावर अडीच इंची पुली, पिंपाच्या आसावर १८ इंची. पिंप मिनिटाला २०० फेरे घेऊ लागले. पण बी मिसळेचना! सगळे पिंपाच्या भिंतीला चिकटून गरगरत राहिले. मग त्याने मध्ये एक आस टाकून वेग ५० वर आणला. आता बी वरपर्यंत चढून धबाधबा खाली पडू लागले. मुलगा खूष. मी गेलो तेव्हा त्याची आई मात्र मूठभर बी तळहातावर घेऊन उभी होती.

"सायेब, औषध झ्याक लागलंय, पन बी फुटाय लागलंय की!"

"काकी, शंभर दाणे मोजा. शंभर पिंपातले आणि शंभर पोत्यातले," मी म्हणालो.

दोन ओल्या गोणपाटांत दाणे गुंडाळून ठेवले. पाचव्या-सहाव्या दिवशी काकींनी स्वतः मोजले. पोत्यातले ८१ उगवले, पिंपातले ५९. सोयाबीनची उगवण निदान ७० टक्के हवी. मुलाचा चेहरा उतरला. बरे झाले, हे पेरणीआधी कळले. नाहीतर दोष कंपनीला आणि पावसाला गेला असता.

कारण साधे आहे. सोयाबीनचे साल पातळ आणि अंकुर सालीलगतच असतो. जोराचा मार त्याला सोसत नाही. फौंड्रीच्या पिंपात मार हवा असतो, बियाण्याला तो नको. पिंप तेच, पण काम उलटे!

उपाय मुलानेच केला. दुसऱ्या टप्प्यालाही अडीच इंची आणि १८ इंची पुली बसवली. वेग आला सुमारे २८ फेऱ्यांवर. पिंपातून आस सरळ न घालता तिरका घातला, त्यामुळे बी वरखाली न आपटता या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावत मिसळते. एका वेळी ३० किलो, म्हणजे साधारण एकराचे बी. तीन-चार मिनिटे पुरतात. पुन्हा मोजले, तेव्हा ७९ दाणे उगवले.

आपणही करणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. तेलाच्या रिकाम्या पिंपात वाफ राहते. वेल्डिंगची ठिणगी पडताच स्फोट होतो. पिंप स्वच्छ धुतलेले, तोंड उघडे असलेले घ्या आणि वेल्डिंग जाणत्याकडूनच करून घ्या. पट्ट्यांवर जाळी बसवा. पदर किंवा धोतराचा सोगा अडकायला क्षण पुरतो. मोटारीला अर्थिंग द्या आणि बटन हाताशी ठेवा. झाकण घट्ट लावल्याशिवाय मोटार सुरू करू नका. बी भरताना-काढताना हातमोजे घाला, नाकातोंडाला फडके बांधा.

बुरशीनाशक आधी, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात. बी सावलीत सुकले की पेरणीच्या थोडे आधी रायझोबियम, दर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. आणि ज्या पिंपात औषध फिरले, त्यात खाण्याचे धान्य किंवा जनावरांचे खाद्य कधीही घालू नका. पिंपावर लाल रंगाने 'फक्त बियाणे' असे लिहूनच टाका.

काकींच्या घरी आता दर वर्षी जूनच्या आधी दोन गोणपाटे ओली होतात. पिंप मुलगा फिरवतो. पण पेरायचे की नाही, हे काकींनी शंभर दाणे मोजल्यावरच ठरते. उद्यमनगरातून पिंप जरूर आणा. मोजण्याची सवय मात्र घरचीच हवी.