एम-१ ने काय ठरवलं

विक्रीला न आलेल्या यंत्राला फसलेलं म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. इंजिनं रचणाऱ्या माणसाला हा निकष लावता येत नाही, असं मला होंडाच्या एम-१ या मोटरसायकलकडे पाहून ठामपणे वाटतं. १९६९ च्या सीबी७५० ने होंडाला मोठ्या गाड्यांत अग्रस्थान दिलं होतं. १९७२ मध्ये कावासाकीची ९०३ सीसीची झेड-१ आली आणि ते डळमळलं. त्याच वर्षी शोइचिरो इरिमाजिरींच्या गटाने एम-१ घडवली. शर्यतीसाठी अवघ्या २५० सीसीत सहा सिलिंडर बसवणारे हेच ते इरिमाजिरी. इथे त्यांनी १४७० सीसीचं, आडव्या झोपवलेल्या समोरासमोरच्या सहा सिलिंडरांचं इंजिन घेतलं, ते पाण्याने थंड केलं आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट दिला. ताकद ८० अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर. समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचे धक्के खोडतात, आणि ते सहा असले की इंजिन जवळजवळ थरथरतच नाही. शिवाय सगळं वजन रस्त्यालगत राहतं. लांबच्या प्रवासाला याहून चांगलं इंजिन सुचणं कठीण. पण एका बाजूला ओळीने तीन सिलिंडर आले की इंजिन लांबतं, आणि बसणाऱ्याला जागा उरत नाही.

म्हणून १९७४ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात होंडाची विक्रीची गाडी, जीएल१००० गोल्डविंग, आली ती ९९९ सीसी आणि चार सिलिंडर घेऊन. पाणी, शाफ्ट, आडवी ठेवण हे सगळं एम-१ चंच होतं. गिअरबॉक्स क्रँकशाफ्टच्या खाली सरकवून लांबी आणखी वाचवली, पेट्रोलची टाकी सीटखाली नेली, आणि इंजिन रेस केल्यावर गाडी एका बाजूला झुकू पाहते म्हणून जनरेटर उलट दिशेने फिरवला. कुणी म्हणेल, लांबी तर कागदावरही मोजता आली असती. आली असती. पण मोटरसायकलवर रेडिएटर आणि शाफ्ट यांचं वजन सोसून जो शांतपणा मिळतो तो त्या किमतीचा आहे का, हे गाडी चालवल्याशिवाय कुठल्याही आराखड्याला सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे आणि जास्त वजनदार आहे. १९८८ च्या गोल्डविंगमध्ये, म्हणजे जीएल१५०० मध्ये, १५२० सीसीचे सहा सिलिंडर परत आले. मग १९७२ मध्ये होंडा कचरली, असं का म्हणू नये? मला हे पटत नाही. जीएल१५०० ही मोठ्या फेअरिंगची, सामानाच्या पेट्या जोडलेली, रिव्हर्सची सोय द्यावी लागावी इतकी जड गाडी होती. तिच्यात लांब इंजिनाला जागा होती. १९७४ ची गाडी उघड्या इंजिनाची, चपळ असायला हवी होती. तिच्यासाठी चारच योग्य होते, आणि तो निर्णय एम-१ ने पुरवलेल्या पुराव्यावर उभा होता. म्हणून नव्या रचनेचा खर्च मंजूर करणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिल्या नमुन्याकडे विक्रीची तारीख मागू नका. त्यातून काय काढलं तरी चालेल आणि काय काढता येणार नाही, एवढं त्याला सांगू द्या.