भनपुरीचे लाल डबे, पण कोणते लाल?

भनपुरीला मुद्दाम फिरायला कोणी जात नाही. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की हा औद्योगिक पट्टा येतो. रोलिंग मिल, ट्रकांच्या रांगा, धूळ. पण याच बाजूला रेल्वेचा मालडबे दुरुस्त करणारा कारखाना आहे. त्याच्या वसाहतीला सगळं रायपूर ‘डब्ल्यूआरएस’ म्हणतं आणि तिथल्या दसऱ्याच्या उंच रावणाला गर्दी करतं. मी मात्र तुम्हाला डब्यांचे रंग बघायला सांगणार आहे.

बिलासपूरकडे जाताना खिडकीची जागा घ्या आणि उभी मालगाडी दिसली की नीट बघा. लांबून सगळे डबे लालच वाटतात. जवळ आल्यावर एक गेरूसारखा, शेजारचा चॉकलेटी, तिसरा जांभळट. एखाद्यावर दुरुस्तीचं ताजं ठिगळ. मध्येच गॅसची पांढरी टाकी, तिच्यावर लाल पट्टा.

हा लाल म्हणजे रेड ऑक्साइड, साध्या भाषेत लोखंडाचा गंज. तुळशीवृंदावनाला आपण लावतो त्या गेरूतही तेच असतं. गंमत बघा, दल्ली-राजहरा खाणींतून भिलाईला जाणारं लोहखनिजही मुख्यतः तेच आहे! म्हणजे माल आणि डब्याचा रंग एकाच रक्ताचे. हा रंग स्वस्त आणि उन्हात टिकणारा. तरी वर कोळशाची भुकटी आणि सिमेंट बसतं, पाऊस पडतो, आणि दोन-चार वर्षांत प्रत्येक डब्याची छटा वेगळी होते.

डब्यावरचा ११ अंकी क्रमांकही वाचा. पाचवा आणि सहावा अंक म्हणजे डबा बनल्याचं वर्ष. शेजारी पांढऱ्या अक्षरांत मोठ्या दुरुस्तीची तारीख असते. ती जुनी असेल तर रंग का उडालाय ते लगेच कळतं. मुलांना हा खेळ फार आवडतो.

ब्रिटनमध्ये जुन्या मालडब्यांच्या रंगावर लोक आजही हिरिरीने वाद घालतात. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे डबे आधी लाल होते, मग गडद राखाडी झाले. पण नेमके कधी, यावर एकमत नाही. जुन्या कृष्णधवल फोटोंचा उपयोग होत नाही, कारण त्या काळच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल डबा फोटोत काळा यायचा. राखाडीचंही तसंच. त्यात पांढरं शिसं असायचं आणि धुरातल्या गंधकाने ते काळवंडायचं. १९४८ नंतर ब्रिटिश रेल्वेने साधा नियम केला: गाडीच्या ब्रेकला जोडलेला डबा तांबूस, न जोडलेला राखाडी. तिथे रंग बघून डब्याचा ब्रेक कळायचा.

आपल्या या मार्गाचा इतिहासही ब्रिटिश कंपनीचाच. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरहून राजनांदगावपर्यंत आलेला मीटरगेज रूळ ताब्यात घेतला, रुंद केला आणि पुढे बंगालकडे नेला. त्या काळच्या डब्यांची खरी छटा कृष्णधवल फोटोंवरून आपल्यालाही सांगता येणार नाही.

आजच्या छटाही आता कमी होत चालल्यात. नवे कोळशाचे डबे स्टेनलेस स्टीलचे येतात आणि त्यातल्या बऱ्याच डब्यांच्या अंगाला रंगच लागत नाही. टिकाऊ आहेत, पण मला ते ताटवाट्यांसारखे वाटतात.

म्हणून फोटो काढाच. रुळांत उतरू नका. फलाटावरून किंवा खिडकीच्या आतून छान येतो. सकाळच्या उन्हात काढा, तारीख नोंदवा, डब्याचा क्रमांक स्पष्ट येऊ द्या. आणि शेजारचा डबाही घ्या, कारण एकट्या डब्याचा लाल मोबाइलच्या पडद्यावर हमखास फसवतो.