लेकीच्या हाताला काम हवं

मुलुंड पूर्व,
६ जून

चि. सोनूस,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, सातवीसाठी टॅबसकट ऑनलाइन क्लासचं पॅकेज घेऊ का? हप्ते पाडून देतात.’ तेव्हा तू लोकलमध्ये होतीस, धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहायला बसले. सही करायच्या आधी एवढंच बघ: समोर व्हिडिओ चालू असताना लेकीचे हात काय करत असतात? ते नुसते मांडीवर असतील, तर शिकवणारा कितीही नामांकित असो, तिच्या पदरात फारसं काही पडणार नाही.

टॅबला माझा विरोध नाही. भरलेल्या वर्गात हात वर करायला लाजणारी मुलगी घरी तोच भाग थांबवून पुन्हा पुन्हा ऐकू शकते, ही फार मोठी सोय आहे. मात्र ऐकताना समजल्यासारखं वाटणं वेगळं आणि स्वतःला करता येणं वेगळं. मी फळ्यावर गणित सोडवायची तेव्हा सगळा वर्ग माना डोलवायचा. तेच गणित आकडे बदलून घातलं की कितीतरी वह्या कोऱ्या राहायच्या. त्या कोऱ्या वह्या मला बाकांमधून फिरताना दिसायच्या. ध्वनिमुद्रित व्हिडिओतल्या शिक्षकाला त्या कशा दिसणार?

ही अडचण नीट ओळखून केलेलं एक काम आपल्या उपनगरातच आहे. पवईच्या आयआयटीतले केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. केंद्र सरकारच्या मदतीने २००९च्या सुमाराला तो सुरू झाला. संगणकावरची वेगवेगळी सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणि फुकट. शिकायची रीत अशी, की पडद्याच्या एका बाजूला धडा उघडायचा आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष ते सॉफ्टवेअर. एक पायरी ऐकली की धडा थांबवायचा, ती आपल्या बाजूला करून बघायची, जमली की पुढे जायचं. न करता पुढे सरकण्यात अर्थच उरत नाही.

त्यांची आणखी एक पद्धत मला फार आवडते. धड्याची संहिता ध्वनिमुद्रणाआधी त्या विषयात नवख्या असलेल्या माणसाकडून तपासून घेतात. तो जिथे अडतो, तिथे संहिता बदलते. शिकणाऱ्याच्या शेजारी कोणी नसेल हे धरूनच ते धडे लिहितात. इतकी काळजी शिकवणारे फार थोडे घेतात.

दुसरं उदाहरण अंधेरीहून निघालेल्या माणसाचं. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून पीएच.डी. करून आलेले शास्त्रज्ञ. अंधेरीला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या जागेवर होते. ते सोडून १९८३मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी करत शिकू लागली. विहिरीची जागा ठरवण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजायला शिकली. मोजायचं म्हटल्यावर अपूर्णांक आले, आलेख आले, ओहमचा नियम आला, आणि ज्यांना गणित जमत नाही असं शाळेने ठरवून टाकलं होतं, तीच मुलं ते वापरू लागली.

याच पाबळला २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरची अगदी सुरुवातीची. संगणकाच्या आज्ञेवर वस्तू कापणारी, घडवणारी यंत्रं खेड्यातल्या मुलांच्या हाती आली. तोवर तिथे जवळजवळ वीस वर्षं हातांनी काम चाललेलं होतं. काय बनवायचं आहे आणि कुठे अडतंय हे मुलांना ठाऊक होतं, म्हणून ती यंत्रं कामाला लागली. सोनू, क्रम हा असा असतो. आधी काम, त्यातून प्रश्न, मग यंत्र. पॅकेज विकणारे आधी यंत्र आणतात आणि प्रश्न स्वतःच घालतात.

आता तुझ्या लेकीपुरतं बोलू. पाऊस दारात आलाच आहे. स्वयंपाकघरातली तोंडापासून तळापर्यंत सारख्या रुंदीची, सरळ उभी, सपाट तळाची बरणी तिला दे. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ती गच्चीवर उघड्या जागी, विटांच्या आधाराने ठेवायची. रोज सकाळी साडेआठला पट्टी लावून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची, वहीत लिहायची आणि बरणी रिकामी करायची. वेळ साडेआठचीच, कारण हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतचा मोजतं. मग फोनवर सांताक्रूझ आणि कुलाबा वेधशाळांचे त्या दिवसाचे आकडे शोधून आपल्या आकड्याशेजारी लिहायचे.

आठवड्याभरात तीच विचारील, ‘आई, आपल्या बोरिवलीला इतका आणि कुलाब्याला इतकाच का?’ तेव्हा तिला २६ जुलै २००५ सांग. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७४च्या आसपास. एकाच शहरात! मग ती ढगांचं वाचील, नकाशा उघडील, व्हिडिओ बघेल आणि कान देऊन ऐकेल, कारण आता तिला काहीतरी हवं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं कळलं की तुमच्या गच्चीवर किती हजार लिटर पडलं याचं गणित ती आपणहून मांडील. आकडे साठले की संगणकावर तक्ता आणि आलेख करावासा वाटेल. तो कसा करायचा याचे पवईचे धडे आहेतच.

तुला उत्तरं यायलाच हवीत असं नाही. तू कामावरून थकून येतेस हे मला माहीत आहे. जेवताना एवढंच विचार, ‘आज काय मोजलंस? काय कळलं नाही?’ २०२०मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा एका फोनवर दोन-तीन भावंडं शिकणारी घरं मी पाहिली. आई-बाप फार शिकलेले नसले तरी रोज विचारणारे असले, तर ती मुलं तग धरून राहायची. आपलं आपण शिकणाऱ्या मुलालासुद्धा विचारणारं माणूस लागतं, आणि ते टॅबबरोबर मिळत नाही.

आणखी एक कर. बिल्डिंगमधल्या दोन-चार मुलांना तिच्याबरोबर घे, वॉचमनच्या मुलालाही. त्यांच्या आकड्यांत फरक पडला की भांडतील, पुन्हा मोजतील. कोणाचं चुकलं हे ठरवताना मोजमापाचं जेवढं शिकतील, तेवढं धड्यातून शिकणार नाहीत.

पॅकेजचा विचार दिवाळीपर्यंत लांबणीवर टाक. सुट्टीत तिला वहीसकट माझ्याकडे आण. पावसाळाभराच्या नोंदी पाहिल्या की तिला काय जमतं आणि कुठे मदत हवी ते आपल्याला कळेल. तेव्हा टॅब घ्यायचाच झाला, तर तो कशासाठी हवा आहे हे तिलाच सांगू दे.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी