खुरपणीला उद्घाटन नसते

आमच्या घरात गॅलरीच्या खिळ्याला एक खुरपे टांगलेले आहे. त्याची बाभळीची मूठ बाबांच्या तळहाताने घासून गुळगुळीत झाली आहे. श्रीरामपूर तालुक्यातील चार एकर कोरडवाहू जमीन भावांच्या हवाली करून बाबा कारखान्यातील नोकरीसाठी इकडे आले, तेव्हा पत्र्याच्या पेटीतून जे थोडके सामान त्यांनी बरोबर आणले त्यात हे खुरपे होते. पुढे तीस-पस्तीस वर्षे ते पेटीच्या तळाशी पडून राहिले. १९९८ साली बाबा निवृत्त झाले आणि त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी ते बाहेर काढले.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरची एकमेकांना खेटून वसलेली तीन गावे. त्यांपैकी एका गावात आमचे आयुष्य गेले. त्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण ही हकिकत तिन्ही गावांत घडू शकली असती. आमच्या इमारतीसमोर एक मोकळा भूखंड होता. 'उद्यानासाठी राखीव' असा फलक त्यावर होता आणि त्या फलकाखाली छातीएवढे गाजरगवत माजलेले असे. बाबा रोज सकाळी चहा घेऊन तेथे जात, उकिडवे बसत आणि एका कोपऱ्यापासून ते गवत उपटू लागत.

मला त्याची लाज वाटे. आज हे लिहिताना जड जाते, परंतु ते खरे आहे. मी मुंबईच्या एका कचेरीत नोकरीला होतो. सकाळी सातची गाडी पकडण्यासाठी निघालो की शेजारी विचारत, "तुमचे वडील नगरपालिकेत लागले की काय?" एके दिवशी मी बाबांना म्हणालो, "बाबा, हे काम आपलं नाही. त्यासाठी आपण कर भरतो." त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "कर तू भरतोस, पण बी वाऱ्याबरोबर आपल्याच घरात येतं ना?"

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. या गवताचे एकेक झाड हजारो बिया टाकते आणि त्या इतक्या हलक्या असतात की वारा, पाणी, मोटारीची चाके, माणसाचे जोडे, सारे त्यांचे वाहक होतात. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे पुण्यात १९५५ च्या सुमारास ते प्रथम ठळकपणे नोंदले गेले आणि आयात केलेल्या अमेरिकन गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गव्हाच्या शेतात शत्रूने रात्री निदण पेरले, हा येशूचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथे निदण गव्हाच्या पोत्यातूनच आले आणि ते कुणी शत्रूने पेरलेले नव्हते. भुकेल्या देशाने धान्य मागविले, त्याच्याबरोबर ते आपसूक आले.

त्या दाखल्यावरून मी बाबांना एकदा डिवचलेही होते. "धनी तर म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मग तुम्ही का उपटता?" ते हसले. "तो दाखला माणसांसाठी आहे रे. माणूस सुधारू शकतो. गवताला ती सवलत नाही."

त्याच सुमारास त्या भूखंडाचे भाग्य उजळले. एका पावसाळ्याच्या तोंडावर मजूर आले, यंत्राने जमीन सपाट झाली, लोखंडी कुंपण लागले. मध्यभागी कारंजे बांधले गेले आणि त्याच्या दोन बाजूंना सिमेंटचे दोन शुभ्र हंस बसविले गेले. मंडप पडला, फीत कापली गेली, संगमरवरी पाटीवर नावे कोरली गेली. समारंभाला बाबाही गेले होते. कारंजे काही आठवडे उडाले आणि बंद पडले. माळ्याची नेमणूक झाली नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात गाजरगवत हंसांच्या पोटापर्यंत आले आणि तिसऱ्या पावसाळ्यात मानेपर्यंत. बाबा पुन्हा खुरपे घेऊन निघाले तेव्हा मी वैतागून म्हणालो, "एवढा खर्च केला त्यांनी, चार माणसं गवत काढायला मिळत नाहीत?" त्यावर ते म्हणाले, "खुरपणीला उद्घाटन नसतं, बाळा."

त्याच वर्षी बाबांच्या बोटांच्या सांध्यांवर पुरळ उठले. पुढे ते मनगटापर्यंत आले, मग पापण्यांवर आणि मानेवर. उन्हात गेले की आग होई, रात्री खाज झोपू देत नसे. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, "गाजरगवताशी संबंध येतो का?" या गवताचे वावडे एकदा शरीराला जडले की ते सहसा जात नाही. नुसत्या परागांनीही त्रास होतो. डॉक्टरांनी पुढे विचारले, "हातमोजे वापरत नव्हता का?" बाबा काही बोलले नाहीत. बोलायचे ते मी होतो. कारण गाजरगवताने त्वचारोग होतो हे मी वर्तमानपत्रात दोन वर्षांपूर्वीच वाचले होते. "येताना दादरहून रबरी हातमोजे आणतो," असे मी त्यांना दोनदा म्हणालो होतो आणि दोनदा विसरलो होतो. जोडी पंचवीस-तीस रुपयांना मिळाली असती.

बाबा २०११ साली गेले. अखेरची काही वर्षे त्यांचा पावसाळा बंद खिडकीआड गेला. त्यांनी मला त्या हातमोज्यांवरून कधी एक शब्द ऐकविला नाही.

त्यांच्यानंतर काही महिन्यांनी माझ्या मनातला सारा राग नगरपालिकेवर उलटला. एक खरमरीत अर्ज करावा म्हणून एका वकील स्नेह्याकडून मी १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम वाचायला आणला. त्यातले एकोणपन्नासावे कलम वाचून मी थक्क झालो. नगरपरिषदेने जी कामे केलीच पाहिजेत त्यांत सार्वजनिक जागांची सफाई आणि उपद्रवी वनस्पती काढून टाकणे यांचा समावेश होता. बागा आणि उद्याने मात्र, इच्छा व ऐपत असल्यास करावयाच्या कामांत होती. पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, शहरांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांत उद्याने आली, गावाचे सांस्कृतिक व सौंदर्यविषयक अंगही आले. ते योग्यच झाले. परंतु जुन्या कायद्याचा क्रम मला विलक्षण शहाणपणाचा वाटला. आधी खुरपणी, मग बाग. आपण मात्र सर्वत्र हा क्रम उलटा केला आहे. हंस आधी बसतात, खुरपे राहून जाते.

मग मला बाबांबरोबरची एक जुनी सहल आठवली. मी शाळेत असताना ते आम्हा भावंडांना अंबरनाथचे शिवालय दाखवायला घेऊन गेले होते. शिलाहार राजांच्या काळात, इ. स. १०६० मध्ये पूर्ण झालेले हे मंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे आणि त्याच्या बाह्यभिंतींवरील शिल्पे पाहण्यासाठी दूरदूरचे अभ्यासक येतात. आम्ही मूर्ती पाहत होतो. बाबा मात्र दगडांच्या सांध्यांकडे पाहत होते. एका सांध्यात पिंपळाचा बोटभर कोंब होता. ते म्हणाले, "पावसाचं एवढं भय नाही. हा कोंब मोठा झाला की दगड उकलील." आज या वास्तूची देखभाल पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार तिच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. परंतु कायदा कोंब उपटीत नाही. तो कुणीतरी वेळेवर, हाताने उपटावा लागतो. साडेनऊशेहून अधिक पावसाळे ती शिल्पे टिकली त्यात कारागिरांचे श्रेय आहेच, पण अशा अनामिक हातांचेही असले पाहिजे. आमच्या सिमेंटच्या हंसांच्या वाट्याला तसे हात आले नाहीत. एकाची मान तिसऱ्या वर्षीच गळून पडली.

बदलापूरवरून वाहणाऱ्या उल्हास नदीचेही तेच आहे. पुढे मोहने-कल्याणच्या बाजूला तिच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला दिसतो आणि त्यावर जांभळी फुले डोलतात. ही वनस्पतीही दक्षिण अमेरिकेतून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, फुलांच्या शोभेसाठीच आपल्या देशात आली. बंगालमध्ये तिने इतका उच्छाद मांडला की १९३६ साली तिच्या नायनाटासाठी तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुपटीने पसरते आणि शहरांचे सांडपाणी हेच तिचे खत. वरून जलपर्णी काढली आणि खालून गटार सोडले, तर काढणाऱ्याचे हात तेवढे दुखतात.

शेवटी तो खरमरीत अर्ज मी लिहिला नाही. साधा लिहिला. कलमाचा क्रमांक घातला, भूखंडाचा पत्ता दिला आणि एकच मागणी केली: जूनच्या पहिल्या पावसानंतर, गवताला फुले येण्यापूर्वी, माणसे पाठवावीत व त्यांना हातमोजे द्यावेत. पहिल्या वर्षी केवळ पोच मिळाली. दुसऱ्या वर्षी चार कामगार आले, त्यांपैकी दोघांकडे हातमोजे नव्हते. ते मी घरून नेऊन दिले. त्यानंतर मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबेही जूनमधला एक रविवार या कामाला देऊ लागली.

कृषितज्ज्ञांचा एक सल्लाही आम्ही मानला. मोकळी केलेली जमीन उघडी ठेवली तर गाजरगवत परतते. टाकळ्यासारखी दाट वाढणारी झाडे तेथे आली तर त्याला जागा उरत नाही. म्हणून टाकळ्याचे बी विस्कटले. आता आषाढात शेजारच्या मावशी कोवळा टाकळा भाजीसाठी खुडताना दिसतात. कारंजे अजून बंद आहे, मान नसलेला हंस अजून उभा आहे. कुणी नवा बसवावा असा आग्रह आम्ही धरीत नाही. आधी माळी मिळू दे.

वाचकांपैकी कुणाच्या दारी हे गवत असेल तर एवढेच सांगतो: जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, मुळासकट उपटा. हात आणि अंग झाका. ज्यांना दमा किंवा त्वचेचा त्रास आहे त्यांनी जवळ जाऊ नये. आणि घरातले कुणी वडीलधारे हे काम करीत असेल, तर त्यांच्यासाठी हातमोजे आजच आणा.

आमच्या गॅलरीत खुरप्याशेजारी आता आणखी एक खिळा ठोकला आहे. त्यावर हातमोज्यांची जोडी टांगलेली असते.