ओवीची सहावी

पुणे, ४ मे

प्रिय शुभदा,


ओवीला सहावीला कुठे घालायचं, याच्या वहीच्या पानाचा तू पाठवलेला फोटो पाहिला. डावीकडे गावातली जिल्हा परिषदेची शाळा, उजवीकडे तालुक्याची इंग्रजी शाळा, आणि खाली आनंदच्या अक्षरात 'ताईला विचार'. विचारलंयत तर सांगते. इमारत, गणवेश, स्मार्ट बोर्ड, गॅदरिंग, बस, फी, 'वातावरण' असं सगळं लिहिलंयत. पण सहावी-सातवीला गणित कोण शिकवतं, हे दोन्ही रकान्यांत कुठेच नाही.

पाचवीपर्यंत एखादी मन लावून शिकवणारी बाई सगळे विषय एकटी ओढून नेते. सहावीपासून ते जमत नाही. ऋण संख्या येतात, अपूर्णांकांचे गुणाकार-भागाकार येतात, गुणोत्तर येतं, समीकरणं येतात. जुन्नरला शिकवत असताना नववीतली मुलं माझ्याकडे गणिताला बसायची. वर्गात गप्प असलेल्यांचं दुखणं उकरलं की बहुतेकदा सहावीतल्या अपूर्णांकांपाशी जाऊन थांबायचं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक शिक्षक आहे, आणि गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा असंही लिहिलंय. तुमच्याकडचे गणिताचे सर दिवाळीत बदलून गेले आणि जागा अजून रिकामी आहे, हे आनंद फोनवर ओझरतं बोलला. डाव्या रकान्याची पहिली ओळ तीच हवी होती.

उजवीकडचीही चौकशी कर. तिथले शिक्षक किती वर्षं टिकतात? तुटपुंज्या पगारावर ठेवलेली माणसं दुसरीकडे हजार-दोन हजार जास्त मिळाले की जातात, आणि दर जूनला मुलांसमोर नवा चेहरा उभा राहतो. ऑफिसात हे कोणी सांगणार नाही. त्यापेक्षा दोन्ही शाळांतली सातवीची चार-चार मुलं गाठ आणि विचार, तीन चतुर्थांश मोठं की दोन तृतीयांश? उत्तर आलं की 'कशावरून?' असं विचार. तेवढ्यावरून तुला त्या शाळेचं गणित कळेल.

माध्यमाबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. ओवी पाच वर्षं मराठीत शिकली, गोष्टींची पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचते. तिला सहावीत एकदम इतिहास-भूगोलापासून सगळं इंग्रजीतून दिलं, तर पहिलं वर्ष प्रश्नोत्तरं पाठ करण्यात जाईल. मार्क बरे पडतील, त्यामुळे तुम्हाला पत्ताही लागणार नाही. इंग्रजी यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण त्यासाठी तालुक्याच्या अनुदानित हायस्कूलची सेमीची तुकडी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून. त्या शाळेला तुमच्या पानावर तिसरा रकाना का नाही? शेजारपाजारचं कोणी तिथे घालत नाही म्हणून?

आता एक गोष्ट, जी पुरुषमाणसं लिहीत नाहीत आणि तूही लिहिली नाहीस. सहावी-सातवी म्हणजे पाळी सुरू व्हायचं वय. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, नळाला पाणी येतं का, पॅड टाकायला काही सोय आहे का, हे स्वतः आत जाऊन पाहा. १५ ऑगस्टला सगळं धुऊन-पुसून ठेवलेलं असतं, तेव्हा जूनमध्ये शाळा उघडल्यावर आडवारी, दुपारच्या सुट्टीनंतर जा. पाणी नसलं की मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि महिन्यातले तीन-चार दिवस घरी राहतात. हजेरीपटावर त्याचं कारण 'आजारी' असं पडतं. मी अशा नोंदी वर्षानुवर्षं केल्या आहेत. तिन्ही शाळांत हे बघ. फी घेणाऱ्या शाळेत सगळं ठीक असेल असं धरून चालू नकोस.

पैशाचा हिशेब तुम्ही केलाच आहे. त्यात एवढं घाला, की आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि मूल त्यात निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच देता येते, विनाअनुदानित खासगी शाळेत घातलंत की ते दार बंद. आणि गावातून तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तेव्हा हायस्कूलच्या रकान्यात बसभाडं लिहू नका. स्कूलबसचं मात्र लिहा. शिवाय सकाळी सातला निघून संध्याकाळी परत, म्हणजे ओवीचं खेळणं आणि वाचणं दोन्ही गेलं, हेही त्यात धरा.

गावच्या शाळेचा पट घसरतोय म्हणून घाबरलीस, ते रास्त आहे. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात. जाणती घरं मुलं काढून नेतात, पट उतरतो, पद जातं, आणि मग शिक्षक नाहीत म्हणून उरलेलेही निघतात. पण त्यासाठी ओवीला तिथे ठेव असं मी म्हणणार नाही. शाळा वाचवणं हे अकरा वर्षांच्या मुलीचं काम नाही, ते आनंदचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. तुमच्याकडे ती समिती सह्यांपुरती उरली आहे. तुम्ही दोघं चार पालकांना घेऊन रिकाम्या जागेचा ठराव करा आणि तो हातात घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. तोंडी विनंती कोणी लक्षात ठेवत नाही. ठरावाची प्रत आणि आवक क्रमांक मात्र जपून ठेवा.

तर माझं म्हणणं असं. इंग्रजी शाळा पानावरून खोडा. जूनमध्ये ओवीला गावातच बसवा, मराठीच्या बाई उत्तम आहेत आणि मैत्रिणी तिथेच आहेत. जुलैअखेर गणिताला माणूस आला नाही, तर तिला हायस्कूलच्या सेमीत घाला. दाखल्याची भीती बाळगू नका. एका सरकारी शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा हक्क आठवीपर्यंत कायद्यानेच दिला आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

तुझी,
मीनाताई