काचेवरचा शेवटचा हात

नाशिक,
२२ नोव्हेंबर

चि. अनघास,


तुझ्या नव्या फ्लॅटच्या खिडक्यांचे फोटो पाहिले, खालचा मजकूरही वाचला. निम्म्याअधिक काचांवर ओरखडे आहेत, साइट इंजिनिअर म्हणतो सफाईवाल्या बायांनी ब्लेड फिरवलं, आणि तू त्यांचे उरलेले पैसे अडवून ठेवलेस. फोन केला असता, पण तू ऑफिसात असतेस आणि मी बोलताना चिडतो. म्हणून लिहायला बसलो.

आधी पैशांचं. ते आजच देऊन टाक. गरिबांवर दया कर असं म्हणत नाही, सरळ हिशेब सांगतो. सातपूरच्या गाळ्यात मी उभा जन्म खिडक्या बनवण्यात घालवला. काचेवरचा चरा दिसतो तो काच पुसल्यावर, म्हणून तो पुसणाऱ्याच्या नावावर मांडला जातो. त्याआधीचे कित्येक महिने ती काच सिमेंट, पुट्टी आणि धुळीच्या थराखाली असते. त्या थराखाली काय झालंय ते कुणाला दिसत नाही, आणि बिल निघेपर्यंत कुणाला बघायचंही नसतं.

कामाचा क्रम ध्यानात घे. खरं तर काच सगळ्यात शेवटी बसायला हवी. पण पावसाळ्याआधी इमारत बंद करायची घाई असते, आणि काच बसली की फॅब्रिकेटरचं बिल सुटतं. मग बसलेल्या काचेसमोर टाइल कापली जाते, पीओपी होतं, पुट्टीला पॉलिशपेपर मारला जातो, वरच्या मजल्यावर बाहेरचा गिलावा चालू असतो. आणि सगळं झाल्यावर ग्रिलवाला येऊन ग्राइंडर लावतो. काचेवर लावलेली निळी फिल्म तोवर अर्धी फाटलेली असते, उरलेली उन्हाने अशी चिकटते की नखाने खरवडावी लागते. इतक्या जणांच्या हातून गेलेली काच शेवटी तुझ्या बायांपुढे येते. त्यांच्या हातात कोरडं फडकं, तारेची घासणी आणि पत्ती कुणी दिली, हेही कधीतरी विचार.

आता काचेचं थोडं शास्त्र. खिडकीची काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून, पातळ केलेल्या कथलावर तरंगवून केलेली फ्लोट ग्लास. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली, आता जगभर सपाट काच तशीच होते. कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर काच साधारण साडेपाच-सहावर येते आणि वाळूतलं क्वार्ट्झ सातवर. म्हणजे स्वच्छ, नवी पत्ती ओल्या काचेवर चालवली तर सहसा काही होत नाही. पत्तीखाली अडकलेला वाळूचा एक कण मात्र काच कापत जातो. ओल्या सिमेंटचं पाणी तर तीव्र अल्कली, पीएच बारा-तेराच्या घरात. ते काचेवर राहिलं की वरचा थर खातं. तुझ्या बेडरूमच्या काचेवर खाली ओघळलेले जे धुरकट पट्टे आहेत ते मळाचे नाहीत. तिथली काचच खाल्ली गेली आहे, कितीही घासलंस तरी ते जाणार नाहीत.

तुझ्या बाल्कनीच्या दारांना आणि मोठ्या खिडक्यांना टफन्ड काच असणार. कोपऱ्यात बारीक शिक्का बघ. शिक्का नसेल तर पोलराइज्ड गॉगल लावून तिरक्या उजेडात पाहा, टफन्ड काचेत फिकट ठिपके किंवा पट्टे दिसतात. ही काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन गार करतात. त्यामुळे बाहेरचे थर दाबाखाली राहतात आणि आतला भाग ताणाखाली. भट्टीतल्या रुळांवर काचेची भुकटी साचली असेल तर ती काचेच्या एका बाजूला चिकटून बसते. डोळ्यांना दिसत नाही, पण ओल्या बोटाला बारीक खरखर लागते. अशा काचेवर कितीही जपून पत्ती फिरवा, ते कण सुटतात आणि ओढले जातात. अमेरिकेत यावरून काच पुसणारे आणि बांधकामवाले यांच्यात जुनी भांडणं आहेत. तिथले कित्येक जण काम हाती घेण्याआधीच घरमालकाची सही घेतात, की ओरखडे उठले तर आम्ही जबाबदार नाही. तुझ्या बायांना असा कागद कोण करून देणार?

तेव्हा ओरखडे नीट वाच. पहिला प्रश्न, चरा आतल्या अंगाला आहे की बाहेरच्या? नखाचं टोक त्यावरून फिरव, आतून लागला तर आतला. तू अकराव्या मजल्यावर राहणार. हॉलची वरची काच फिक्स आहे, उघडत नाही. तिच्या बाहेरच्या अंगाचे चरे त्या बायांनी पाडले म्हणायचं तर त्या बाहेरच्या परांचीवर चढल्या होत्या असं इंजिनिअरला लिहून द्यावं लागेल. विचार त्याला.

दुसरं, चऱ्याचं टोक कुठे जातं ते बघ. तो जर काचेच्या कडेला रबराखाली शिरत असेल, तर काच फ्रेममध्ये बसण्याआधीचा आहे. कापणीच्या टेबलावर, टेम्पोत किंवा जिन्यातून चढवताना पडलेला. तिसरं, चऱ्यात काय भरलंय? आत पांढरी पुट्टी किंवा रंग बसला असेल तर चरा रंगकामाच्या आधीचा. रंगाचा ठिपका चिरत चरा गेला असेल तर नंतरचा. चौथं, आकार. खांद्याच्या उंचीवर अर्धगोल, एकाशेजारी एक बारीक रेघांचा झुबका म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ घासली. पत्तीएवढ्या रुंदीत सरळ, समांतर रेघा म्हणजे पत्तीखाली खडा होता. दोन शटर एकमेकांवर येतात त्या पट्ट्यात आडवी रेघ असेल तर ट्रॅकच्या ब्रशमध्ये वाळू अडकलेली असताना शटर ओढलं गेलं. आणि खालच्या भागात तपकिरी, टाचणीच्या टोकाएवढे टोचे दिसले, बोटाला खुपले, तर ते ग्राइंडरच्या ठिणग्यांचे. लोखंडाचा तापलेला कण काचेत रुतून बसतो, नंतर गंजतो. ग्रिलवाल्याने समोर ओलं गोणपाट धरलं असतं तरी पुरे होतं.

या सगळ्यातून काही चरे बायांच्या वाट्याला येतीलही. मी नाही म्हणत नाही. पण काचेवर पुट्टी वाळू देणारा आणि ती पत्तीने काढा म्हणणारा मोकळा सुटून फक्त हात चालवणारीने पैसे भरायचे, हा कुठला न्याय?

आता बिल्डरकडे जायचं कसं ते. काचा पुन्हा पुसून घेऊ नकोस. आधी खोलीवार यादी कर: कुठली खिडकी, कितवं शटर, आतून की बाहेरून, किती इंच. फोटोसाठी काचेमागे काळा कागद धर आणि बाजूने टॉर्च मार, शेजारी एक नाणं चिकटव म्हणजे माप कळतं. ताब्याच्या कागदावर सही करताना ही यादी जोडून तिच्यावर त्यांची पोच घे. 'तोंडी सांगितलंय, होऊन जाईल' यावर जाऊ नकोस. ताबाच घेत नाही म्हणून अडून बसायचंही नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणं ही रेरा कायद्याने घेणाऱ्याचीच जबाबदारी केली आहे. ताबा घे, पण नोंद करून घे.

त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम १४(३) वाचून ठेव. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कारागिरीतला किंवा दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. मात्र भिंतीचे तडे आणि काचेचे चरे यांत फरक आहे. तडा तू पाडला नाहीस हे उघड असतं. चरा राहायला आल्यावर पडला असं कुणीही म्हणू शकतं. म्हणून पहिल्या दिवसाच्या यादीला पाच वर्षांच्या हक्काइतकीच किंमत आहे. एवढं करून दाद लागली नाही तर महारेराचा सलोखा मंच आहे, पण काचेपायी तिथवर जायची वेळ क्वचितच येते. शेजारच्या फ्लॅटवाल्यांनाही आपापल्या काचा बघायला सांग. एकाच ठेकेदाराने एकाच घाईत सगळ्या बसवल्यात, त्यांच्याकडेही हेच निघणार. पाच जणांनी मिळून दिलेलं पत्र साइट ऑफिसात जरा लवकर वाचलं जातं.

पण सगळ्या काचा बदलून मागू नकोस. टॉर्च मारून बघितलं तर कुठलीच काच पास होणार नाही. काच तपासायची रीत अशी, की दोन-तीन मीटरवर उभं राहायचं, दिवसाचा साधा उजेड घ्यायचा, थेट ऊन काचेवर नको. तिथून जे दिसत नाही आणि ज्यात नख अडकत नाही ते सोडून दे. नख अडकलं, नजरेच्या उंचीवर आलं, किंवा काच खाल्ली गेली असेल, तर बदलूनच घे.

इंजिनिअर म्हणेल, पॉलिश मारून देतो. सेरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या चकतीने घासतात, केसासारख्या रेघा त्याने जातात. खोल चरा घालवायचा तर आजूबाजूची काचही उतरवावी लागते, आणि मग तिथे खळगा पडून समोरचा विजेचा खांब वाकडा दिसायला लागतो. टफन्ड काचेत तर जो दाबाखालचा थर तिला ताकद देतो तोच झिजतो. तेव्हा खोल चऱ्याला पॉलिश नको म्हण. घरी टूथपेस्ट चोळायचा उद्योग तर अजिबात करू नकोस.

बदलणं वाटतं तेवढं अवघड नाही. सरकतं शटर वर उचलून ट्रॅकमधून आतूनच निघतं. दोन फूट बाय चार फुटांची पाच मिलिमीटर काच नऊ-सव्वानऊ किलो भरते, दोन माणसं पुरतात. टफन्ड काच मात्र नंतर कापता येत नाही, मापाने नवी मागवावी लागते, त्याला वेळ दे. ऑर्डर देताना शिक्क्यावरची कंपनी आणि काचेची शेड तीच आहे ना ते बघून घे, नाहीतर एक खिडकी हिरवी नि दुसरी निळी दिसेल. फिक्स काचेसाठी बाहेर माणूस लागतो. तुमच्या मागच्या बाजूची परांची अजून उतरलेली नाही असं फोटोत दिसतंय. ती उतरायच्या आत हे काम करून घे. नंतर प्रत्येक जण दोरीवरच्या माणसाचा खर्च सांगत बसेल.

उरलेल्या काचा पुसायच्या त्या बायांकडूनच पुसून घे, आणि या वेळी सामान तू दे. आधी भरपूर पाणी वरून सोडायचं, धूळ आपोआप खाली जाऊ दे. मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी, मऊ कापड, शेवटी रबरी वायपर. पुट्टीचे ठिपके ओल्या फडक्याने तासभर भिजवायचे. सिमेंटच्या टिपक्यांना व्हिनेगर चालतं, संगमरवरी उंबऱ्यावर मात्र सांडू देऊ नकोस. फरशीचं ॲसिड खिडकीजवळ आणायचं नाही, ॲल्युमिनियम जाईल. टफन्ड काचेला पत्ती लावायचीच नाही.

ताईचा गुडघा कसा आहे? तिला नव्या घराचा जिना चढायला लावू नकोस, लिफ्ट चालू झाल्याशिवाय तिला आणू नकोस. वास्तुशांतीची तारीख पक्की झाली की कळव. मी आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने निघेन, म्हणजे दिवसाउजेडी पोचून काचा बघता येतील. इंजिनिअरलाही तेव्हाच बोलावून ठेव. चहा तूच कर, बोलायचं मी बघतो.

जावईबापूंना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
सुधीरमामा