नमुन्याबरहुकूम माल

आडते बाजारातील आमच्या पेढीवर बाबूजींच्या गादीमागे एक लाकडी फडताळ होते. त्यात कागदाच्या लहान पुड्या ओळीने मांडलेल्या असत. हरभऱ्याचा किंवा तुरीचा सौदा नमुन्यावर ठरला, की त्या नमुन्यातील मूठभर धान्य पुडीत बांधायचे, वर तारीख आणि गाव लिहायचे आणि माल पोहोचून पैसे चुकते होईपर्यंत पुडी जपून ठेवायची, असा सासऱ्यांचा शिरस्ता. तक्रार आली तर वाद घालायचा नाही. पुडी सोडायची आणि माल शेजारी ठेवायचा. सून म्हणून या घरी आले तेव्हा मला त्या पुड्यांचे हसू येई. त्यांचा अर्थ मला फार उशिरा, आणि स्वतःच्या चुकीतून कळला.

2020 च्या टाळेबंदीत मी घरच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करू लागले. कांदा, लसूण आणि कंदमुळांशिवायचा रोजचा स्वयंपाक, चातुर्मासातील पदार्थ, आयंबिलाचे जेवण असे माझे विषय. त्याच वर्षी आपल्याच नगर तालुक्यातील सारोळा कासार येथील सुमनताई धामणे यांचे ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल नातवाच्या मदतीने घरोघरी पोहोचले होते. सत्तरीच्या आजींना जमते, तर आपल्याला का जमू नये, असे मलाही वाटले. ऑक्टोबरात त्यांचे चॅनेल कोणीतरी बळकावले व काही दिवसांनी ते परत मिळाले. दुकान आपले असले तरी जागा परक्याची आहे, हा धडा त्या बातमीने दिला होता. मी तो तेव्हा पुरता घेतला नाही.

व्हिडिओ पाहणाऱ्या भगिनी विचारीत, ‘हा खलबत्ता कुठे मिळतो? हिंग कोणता वापरता?’ मग मी प्रत्येक व्हिडिओखाली खरेदीची लिंक देऊ लागले. ही पद्धत नवी नाही. ॲमेझॉनने ती 1996 मध्येच सुरू केली. लिंकमध्ये आपल्या नावाचा एक सांकेतिक शब्द असतो. त्या लिंकवरून ठरावीक मुदतीत कोणी खरेदी केली (ॲमेझॉनकडे ही मुदत साधारण 24 तासांची असते), तर विकणारा आपल्याला थोडे कमिशन देतो. गिऱ्हाइकाला जास्तीचा पैसा पडत नाही. मी बाबूजींना हे समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे आडतच की. माल आपला नाही, वखार आपली नाही. आपला आहे तो फक्त शब्द.’

तीन वर्षांत दीडशेच्या आसपास व्हिडिओ झाले आणि लिंका चारशेच्या पुढे गेल्या. महिन्याला मुलांच्या शाळेची फी निघेल एवढी मिळकत होऊ लागली. लिंक एकदा दिली की काम संपले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात लिंक ही भिंतीत मारलेल्या खिळ्यासारखी नसते. वस्तू बंद होते, विक्रेता दुकान उठवतो, पान नाहीसे होते. लांब पत्ता आखूड करून देणारी सेवाच बंद पडते. गूगलच्या अशा सेवेने 2019 मध्ये नव्या आखूड लिंका देणे थांबवले, आणि 2025 च्या ऑगस्टनंतर तिच्या जुन्या, वापरात नसलेल्या लिंकाही उघडेनाशा झाल्या. कधी लिंक उघडते. पण घाईत पत्ता उतरवताना आपला सांकेतिक शब्दच गळालेला असतो. अशा वेळी गिऱ्हाइकाला वस्तू मिळते, आपल्याला मात्र काही नाही. या सर्वांत नुकसान होते ते आपले, आणि ते पैशाचेच. म्हणून मी त्याकडे फारसे लक्ष देत नसे.

एका चातुर्मासात श्रीगोंद्याकडच्या एका वयस्क मावशींचा फोन आला. मी सुचवलेला पावभाजीचा मसाला त्यांनी लिंकवरून मागवला होता. वीस वर्षांपासून त्यांना कंदमुळांचा त्याग. मसाला दोनदा वापरून झाल्यावर नातीने पुड्यावरची घटकांची यादी वाचली. तिच्यात लसणाची पूड होती. मावशी रागावल्या नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘तू सांगितले होतेस ना, म्हणून मी पुडा वाचलाच नाही गं.’

मी लिंक उघडून पाहिली. त्या पानावर एकाच मसाल्याचे दोन प्रकार होते, एक कांदा-लसूणविरहित आणि दुसरा नेहमीचा. मी लिंक दिली तेव्हा पहिला प्रकार समोर येई. तो संपल्यावर त्याच पत्त्यावर दुसरा दिसू लागला होता. डबी तशीच, रंग तोच, नावही तेच. हिरवे चिन्हही होतेच. परंतु ते चिन्ह पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगते, त्यात लसूण आहे की नाही हे सांगत नाही. त्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते. आणि मनाला सर्वाधिक लागलेली गोष्ट अशी, की ही लिंक बंद नव्हती. ती उत्तम चालू होती. मावशींच्या त्या खरेदीचे कमिशनही माझ्या खात्यात जमा झाले होते.

रात्री मी हे घरात सांगितले. ‘त्या विक्रेत्याने तरी कळवायला नको का?’ असेही म्हणाले. बाबूजींनी विचारले, ‘त्या मावशी विक्रेत्याला ओळखत होत्या का?’ मी गप्प राहिले. मग त्यांनी अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांची आठवण दिली. तत्त्वार्थसूत्रात त्यांतील शेवटचा आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एक दाखवून त्याच्यासारखे दुसरे देणे. मी तसे जाणून केले नव्हते. परंतु जिथे जयणा नाही तिथे ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरेसे नसते, हे आपल्या घरात लहान मुलालाही शिकवतात. मी मावशींना फोन करून मिच्छामि दुक्कडम् म्हटले आणि मसाल्याचे पैसे पाठवले. पैसे त्यांनी परत केले.

त्यानंतर मी एक वही घातली. प्रत्येक लिंकपुढे वस्तू, विक्रेता, प्रकार आणि तपासल्याची तारीख. खाण्याची वस्तू असेल तर घटकांच्या यादीचे छायाचित्र. हीच माझी नमुन्याची पुडी. लिंका दीडशे व्हिडिओंखाली विखुरलेल्या होत्या. त्या काढून मी स्वतःच्या एकाच पानावर आणल्या आणि व्हिडिओखाली फक्त त्या पानाचा पत्ता ठेवला. आता दुरुस्ती एकाच जागी करावी लागते. दर पक्खीला, पाक्षिक प्रतिक्रमणाच्या आधी, मी वही घेऊन बसते. बंद लिंक काढायची, माल संपला असेल तर तसे लिहायचे, प्रकार बदलला असेल तर लिंक तत्काळ मिटवायची. ‘या लिंकवर मला कमिशन मिळते’ हे वाक्यही मराठीतच आणि सर्वांत वर लिहिले आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये दिलेल्या सूचनांत, शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत असा खुलासा सहज दिसेल असा हवा, असे सांगितलेच आहे. पण आडत लपवून सौदा करायचा नाही, हे आपल्या बाजारपेठेला नवे नाही.

पहिल्या तपासणीत चारशेपैकी जवळपास निम्म्या लिंका गेल्या. खाद्यपदार्थांच्या तर मोजक्याच उरल्या. ज्यांची यादी मी पंधरा दिवसांनी खात्रीने वाचू शकते, तेवढ्याच ठेवल्या. मिळकत घटली. शाळेची फी आता पूर्वीसारखी त्यातून निघत नाही. हे मी लपवत नाही, कारण आपल्या घरांतील अनेक मुली-सुना आज हेच काम करीत आहेत. कमिशन एकदाच्या शब्दावर मिळत राहते. शब्द मात्र रोज पाळावा लागतो, हे त्यांनी आधीच हिशोबात धरावे.

बाबूजींनी आता पेढीवर जाणे कमी केले आहे. फडताळ मुलाने हलवले, पुड्याही राहिल्या नाहीत. परवा पर्युषणाच्या आधी श्रीगोंद्याच्या मावशींचा फोन आला. हिंगाची लिंक हवी होती. मी पाठवली. दोन मिनिटांत पुन्हा फोन. ‘तपासल्याची तारीख कालचीच दिसते,’ त्या म्हणाल्या, ‘तरी पुडा आल्यावर मी वाचीनच हं.’

‘वाचाच मावशी,’ मी म्हटले, ‘आणि काही वेगळे दिसले तर मला आधी सांगा.’